पाऊस, पैसा आणि गावकुसाबाहेरची वस्ती

माझं गाव नेसरीजवळ. पश्चिमेला आजरा-चंदगडकडे धो धो पाऊस, पूर्वेला गडहिंग्लज ओलांडलं की तो कमी होत जातो. त्यामुळे सिनॉप्सिस लिहिताना मला एक गृहीतक फार आवडलं होतं: जिथं पाणी आणि पैसा भरपूर, तिथं संख्येनं थोड्या असलेल्या समाजाला बरी वागणूक मिळते, टंचाई आली की राग त्यांच्यावर निघतो. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "चांगल्या पावसाच्या वर्षी महारवाडा गावकुसाच्या आत आला होता का?" मी गप्प.

गृहीतक अगदीच फोल नाही. अँडरसन, जॉन्सन आणि कोयामा या अभ्यासकांचा २०१७ चा निबंध पाहा. ११०० ते १८०० या काळात युरोपातल्या शहरांत ज्यूंचा झालेला छळ त्यांनी हवामानाशी ताडून पाहिला. थंडी वाढून पिकं बुडाली की छळाची शक्यता वाढायची. राज्यसत्ता दुबळी असेल तिथं हा परिणाम जास्त दिसला.

पण आपल्याकडचा भेद सुकाळातही तसाच चालायचा, कारण तो गावाच्या मांडणीतच होता. महार वतन घ्या. वसुलीसाठी रयतेला बोलावणं, सरकारी निरोप पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं ही कामं. बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. वारसांत वाटणी होऊन जमिनीचे तुकडे पडत गेले, सेवेचं ओझं मात्र साऱ्या भावकीवर राहिलं. पाऊस चांगला झाला तर रास मोठी व्हायची, पण बलुतेदाराला खळ्यावर हात पसरावाच लागायचा.

आता उलटी बाजू. कोल्हापूर संस्थानात १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग येऊन गेला होता. म्हणजे काळ सुबत्तेचा नव्हता. तरीही २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघालं. १९१८ मध्ये संस्थानातली महार वतनं रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. पाऊस तोच, माती तीच. बदलला तो हुकूम. शेजारच्या ब्रिटिश मुलखात मात्र वतन चालूच राहिलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं, तरी कायद्यानं ते संपायला १९५८ चा कायदा यावा लागला.

म्हणून निसर्गाला काहीच महत्त्व नाही, असं म्हणायचं का? तीही घाईच. १९०२ च्या हुकमामागं वेदोक्त प्रकरण होतं, राजाची स्वतःची जिद्द होती. एका संस्थानावरून नियम काढता येत नाही. शिवाय हुकूम निघाला म्हणजे पाणवठा लगेच खुला झाला, असंही नाही.

संशोधनाला बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. वाईट वर्षी होणारा हल्ला आणि रोजची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीला एकच मोजपट्टी लावू नका. पावसाचे आकडे लगेच मिळतात, म्हणून उत्तर तिथंच शोधायचा मोह होतो. पण जमीन कुणाच्या नावावर होती, हे कागद काढूनच बघावं लागतं, आणि त्यासाठी मोडी शिकावी लागते. नाहीतर माणसांनी केलेल्या अन्यायाचं खापर आपण बिनबोभाट पावसावर फोडतो. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसनं तेच केलं होतं.