तपासणी उंबऱ्यापर्यंतच

१८९७च्या प्लेगात पुण्यातल्या घरांना दारे उरली नाहीत. इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर रोगी हुडकत पार माजघरात शिरले. त्या संतापातूनच चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जूनच्या रात्री रँडला गोळी घातली. सरकारने घरात रोग शोधला. घरातल्या मजुरीकडे त्याचे लक्ष नव्हते.

विलायतेत वेगळेच चालले होते. १९०१च्या फॅक्टरी कायद्याने, ठरावीक धंद्यांत घरी काम देणाऱ्या मालकांना कामकऱ्यांची नावे-पत्ते स्थानिक कौन्सिलकडे धाडावे लागत. देवी किंवा स्कार्लेट फीव्हर असलेल्या घरात जाणूनबुजून कपडे शिवायला देणे हा गुन्हा होता.

आपल्याकडे कायदा डोकी मोजत राहिला. १९४८च्या कारखाने कायद्याची किमान अट होती, यंत्राला वीज असेल तर १० कामगार, नसेल तर २०. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी सोलापूर-सिन्नरची बाई या हिशेबात बसेना.

तिच्यासाठी १९६६चा विडी-सिगार कामगार कायदा आला. स्वच्छता, खेळती हवा, गर्दी, सगळ्याची कलमे त्यात होती, पण ती मालकाच्या जागेपुरती. घरी वळायला दिलेल्या मालाला खास सूट मिळाली. तंबाखूची धूळ मग चुलीच्या आणि पाळण्याच्या खोलीतच उडत राहिली. १९७६मध्ये विडीवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने चालले. २०१७मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. आजारी पडल्यावर डॉक्टर मिळे, खोली बघायला मात्र कोणी येत नसे.

हे विडीपुरतेच नाही. पिंपरी-चिंचवडचा पट्टा मोठ्या कारखान्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या आसपास जॉबवर्कची लहान शेड वाढली, आणि बायकांना मिळणारे सुटे, अंगावरचे कामही.

८ डिसेंबर २०२३ रोजी याच पट्ट्यातल्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना शेडला आग लागली. अनेक महिला कामगार होरपळून गेल्या. ते कोणाचे घर नव्हते. पण नोंद नसलेल्या जागेत ज्वालाग्राही माल हाताळला जात होता, आणि तपासणी आगीनंतर सुरू झाली.

२०२०च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेत घरगुती विडीकामाची सूट कायम आहे. कारखाना ठरण्यासाठी कामगारांची किमान संख्या मात्र दुप्पट झाली: विजेवर २०, विजेविना ४०. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली.