एक विणकर आणि पाच अष्टमांश मदतनीस

एखाद्या विद्यार्थ्याने गणिताचे उत्तर ‘पाच अष्टमांश माणूस’ असे काढले, तर आपण त्याला उदाहरण पुन्हा तपासायला सांगतो. पण १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये हे उत्तर अगदी बरोबर होते. अडचण गणितात नव्हती, कामाच्या वाटणीत होती.

कॅलिको मिलने नुकतेच स्वयंचलित माग बसवले होते. मुंबईच्या गिरणगावात ज्याला साचाखाते म्हणत, तशाच एका खात्यात असे २२४ माग होते आणि ते चालवायला २९ कामगार. कोणाला किती माग झेपतील याचे काटेकोर मोजमाप करून कामाचे बारा प्रकार ठरवलेले होते. तुटलेला धागा जोडून माग पुन्हा चालू करणारा विणकर. मागाच्या बॅटरीत बाण्याच्या कांड्या भरणारा. एकदम पुष्कळ ताणे तुटले तर तो गुंता निस्तरणारा. शिवाय जॉबर, तेल घालणारा, झाडणारा वगैरे.

आता आकडे पाहा. विणकर ८, कांड्या भरणारे ५ आणि गुंता निस्तरणारे ३. म्हणजे एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणारा ५/८ आणि गुंता निस्तरणारा ३/८! प्रत्येकाच्या मागांची संख्या वेगळी, त्यामुळे हद्दीही वेगळ्या. विणकराचा माग अडला, तर ज्याच्यावर तो अवलंबून, तो माणूस त्याच वेळी दुसऱ्याच विणकराच्या मागावर गुंतलेला असे. कापडाचा प्रकार बदलला की धागे तुटण्याचे प्रमाण बदले आणि सगळी वाटणी पुन्हा विस्कटे. यंत्रे नवी, माणसे कुशल. तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना.

मिलचे प्रमुख गौतम साराभाई (विक्रम साराभाईंचे थोरले बंधू) यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना सल्ल्यासाठी बोलावले. राइस यांच्या शिदोरीत त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या खाणीत केलेला एक अभ्यास होता. तो आधी समजून घेऊ.

खाणीत काय दिसले?

ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीत दोन-तीन खाणकामगार आपले सोबती स्वतः निवडत आणि कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंतचे सगळे काम मिळून करत. छताला आधार कधी द्यायचा, कामाचा वेग किती ठेवायचा, हे तेच ठरवत. सोबत्याला अपघात झाला, तर पुष्कळदा त्याच्या घराकडेही हेच पाहत.

पुढे यंत्रे आली. सुमारे १८० मीटर लांबीच्या एकाच सलग तोंडावर सुमारे ४० माणसे तीन पाळ्यांत काम करू लागली. एका पाळीने कापायचे, दुसरीने वाहकपट्टा हलवायचा, तिसरीने भरायचे. आधीच्या पाळीची चूक पुढच्या पाळीच्या डोक्यावर बसे आणि ती कोणी केली हे विचारायचे, तर तो माणूस केव्हाच घरी गेलेला. एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली हे सारे लिहून प्रसिद्ध केले. याच सुमारास दक्षिण यॉर्कशायरमधील एका खाणीत त्यांना वेगळेच चित्र दिसले. यंत्रे नवी, पण कामगारांनी स्वतःचे गट बांधले होते. सगळ्यांना सगळी कामे येत, अडलेल्या जागी जो मोकळा असेल तो धावे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. यंत्र ठरले म्हणजे कामाची रचनाही ठरली, असे नसते. एकाच यंत्राभोवती माणसे वेगवेगळ्या प्रकारे उभी राहू शकतात.

अहमदाबादचा प्रयोग

राइस यांनी सुचवलेला बदल साधा होता. कामाच्या प्रकारांप्रमाणे माणसे वाटण्याऐवजी मागांचा एक सलग पट्टा एका छोट्या गटाकडे सोपवावा. सुमारे ६४ माग आणि सात माणसे. पट्ट्यावरचे सर्व काम त्यांचे. कोणी काय करायचे ते त्यांनीच ठरवायचे. कल्पना मांडली गेली आणि पुढे राइस यांनाही नवल वाटावे असे घडले. कामगार आणि पर्यवेक्षकांनी ती उचलून धरली आणि गटात कोण कोण असावे हे आपापसांत ठरवूनही टाकले. राइस यांच्या नोंदींप्रमाणे मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

विज्ञानाच्या शिक्षकाला येथे शंका यायला हवी. नव्या रचनेबरोबर वेतनाची पद्धतही बदलली होती. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणाचा म्हणायचा? हा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतलाच, आणि तो रास्त आहे.

मागांवरून संगणकाकडे

असेच विचार पुढे दुसऱ्या वाटेनेही आले. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन यांसारख्या कंपन्यांत नवी उत्पादने कशी घडतात ते पाहिले. एकाने आपला टप्पा पुरा करून काम दुसऱ्याकडे सरकवायचे, हे तेथे नव्हते; रग्बीच्या संघासारखे सगळे मिळून पुढे सरकत. त्या लेखातूनच संगणकक्षेत्राने ‘स्क्रम’ हा रग्बीतला शब्द घेतला. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात सतरा प्रोग्रॅमर जमले आणि त्यांनी ‘ॲजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक असे, की उत्तम रचना स्वतःची घडी स्वतः बसवणाऱ्या गटांतून निपजतात. आज पुण्या-बंगळूरच्या कार्यालयांत हे शब्द रोज ऐकू येतात. त्यांचा एक पूर्वज अहमदाबादच्या मागांवर होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

घडी का विस्कटते?

या कथेचा शेवटचा भाग सर्वांत उपयोगाचा आहे. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा कॅलिको मिलमध्ये गेले. साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धत सोळा वर्षांनंतरही टिकून होती. स्वयंचलित मागांच्या मूळ खात्यात मात्र ती विरून गेली होती. असे का? बाजारात कापडाचे नवेनवे प्रकार मागितले जाऊ लागले, खात्यावरचा ताण वाढला. अशा वेळी पर्यवेक्षकाचे काम गटाला बाहेरचे धक्के बसू न देण्याचे. कच्चा माल वेळेवर आणून देण्याचे, माणसे वरचेवर हलू न देण्याचे. तेच साधेना. मग तो गटाच्या आतल्या कामात हात घालू लागला, आणि गट नावापुरता उरला.

म्हणजे गट स्वतःची घडी स्वतः बसवतो, याचा अर्थ वरिष्ठाला काही काम उरत नाही असा नव्हे. त्याचे काम बदलते. तो आत हुकूम देत नाही, कुंपण राखतो.

शिक्षकांना हे परके वाटू नये. प्रयोगशाळेत पाच मुलांचा गट करून आपण एकाला मोजायला, एकाला लिहायला आणि एकाला नुसते परीक्षानळी धरायला सांगतो, तेव्हा आपणही पाच अष्टमांश माणसेच तयार करत असतो. त्याऐवजी पूर्ण प्रयोग गटाकडे द्यावा, प्रत्येकाला प्रत्येक काम येईल असे पाहावे, साहित्य आणि वेळ पुरेसा द्यावा. आणि गट अडखळला, की लगेच हात घालण्याआधी थोडे थांबावे. या शेवटच्या गोष्टीत मुलांपेक्षा शिक्षकाचीच परीक्षा अधिक असते.