खाडीचा चिखल

मुंबईचा इतिहास म्हणजे समुद्राकडून जमीन मिळविल्याचा इतिहास, असे अभिमानाने सांगतात. सात बेटांमधली खाजणे बुजली. त्यांवर गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. आमचे कामगार त्याच भरावावर राहिले, तेव्हा भरावाला सरसकट शिव्या देणे आम्हांस शोभणार नाही. परंतु तिवराच्या चिखलाला 'पडीक जमीन' म्हणणाऱ्यांनी कधी ओहोटीला खाडीत उतरून पाहिले आहे काय? तिवराची मुळे गाळ धरतात, लाटांचा जोर मोडतात. त्याच गाळात निवटी, कोळंबी, खेकडे वाढतात आणि कोळ्याची चूल पेटते.

मिठी नदीच्या मुखाशी हा चिखल बुजवून कचेऱ्यांचे मनोरे उठले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठीचे पाणी कुर्ल्याच्या झोपड्यांत शिरले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरतोडीस मनाई केली. पूर्वेकडील ठाणे खाडीचा काही भाग 2015 साली अभयारण्य झाला, 2022 साली रामसर यादीत गेला. झाले ते उत्तमच. मात्र त्या अभयारण्याला नाव मिळाले ते पाहुण्या रोहित पक्ष्याचे. बारमाही जाळे टाकणाऱ्या कोळ्याचे नव्हे.