ढालकिडे उशिरा का येतात?

फाल्गुन सरत आला की वऱ्हाडातल्या धुऱ्यांवर आणि ओलिताच्या तुकड्यांवर एखाद्या वर्षी ठिपकेदार किड्यांची एकच गर्दी उसळते. आकार तुरीच्या डाळीसारखा, खाली सपाट, वर फुगीर. रंग लाल किंवा पिवळट नारिंगी, त्यावर काळे ठिपके नाहीतर नागमोडी रेषा. अमरावती-अकोल्याकडची मुले ते काडेपेटीत घालून वर्गात आणतात आणि विचारतात, "सर, हे एकदम कुठून आले?" उन्हाळा लागला की येतात, असे सांगून वेळ निभावता येते. पण मग पुढच्या उन्हाळ्यात ते का दिसले नाहीत, हा प्रश्न उरतोच. या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसांना जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ते उत्तर नीट न समजल्याची किंमत वऱ्हाडच्या कापूस उत्पादकानेही मोजली आहे.

हा किडा म्हणजे ढालकिडा, इंग्रजीतला लेडीबर्ड. यातली 'लेडी' म्हणजे येशूची आई मेरी. सात ठिपक्यांच्या जातीवरचे ठिपके म्हणजे मेरीची सात दुःखे, अशी युरोपातली जुनी समजूत. आपल्याकडे मात्र पाठीच्या ढालीवरून नाव पडले. त्याच्या बहुतेक जाती मांसाहारी असून मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किडींवर जगतात. सात ठिपक्यांचा प्रौढ ढालकिडा दिवसाला पन्नासाच्या आसपास मावा सहज फस्त करतो. त्याची अळी काळपट, लांबोडकी, पाठीवर नारिंगी डाग असलेली, एखाद्या इवल्याशा मगरीसारखी दिसते. तीही तितकीच खादाड असते. ढालकिडा ओळखणारे पुष्कळ भेटतात, पण त्याची अळी ओळखणारे थोडे, आणि अनेक ठिकाणी ती 'नवीन कीड' म्हणून मारली जाते.

आता मावा पाहू. पौष-माघात करडईवर जो काळा मावा पडतो, त्यातल्या माद्या नराशिवायच पिले घालतात, तीही अंड्यांतून नव्हे, जिवंत. आईच्या पोटात जी पिले असतात त्यांच्याही पोटात पुढच्या पिढीची सुरुवात झालेली असते! अनुकूल हवेत जन्मलेले पिलू आठ-दहा दिवसांत स्वतः पिले घालू लागते. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे ढालकिड्याची एक पिढी होते तोवर माव्याच्या दोन-तीन झालेल्या असतात. मावा आधी वाढतो आणि त्यामागून, त्याच्याच जिवावर, ढालकिडे वाढतात. ढालकिडे भरपूर झाले की नेमका त्याच सुमारास मावा कमी होऊ लागतो. काही त्यांनी खाल्लेला असतो, काही पंख फुटून उडून जातो, आणि पीक पिवळे पडले की उरलेल्याला रसच मिळत नाही.

मग उरतात उपाशी ढालकिडे. करडई, गहू निघून गेलेले, ऊन चढत चाललेले. शिवारात हिरवे म्हणजे कुठे लसूणघासाचा वाफा, कुठे ओलिताचा मका. दहा शेतांतले किडे एका शेतात येतात आणि आपल्याला वाटते, पूर आला. तेव्हा या पुरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, संख्या खरोखर वाढलेली असते. दोन, पसरलेली संख्या एका जागी गोळा झालेली असते. ज्या वर्षी हिवाळ्यात मावाच पडला नाही त्या वर्षी उन्हाळ्यात ढालकिडेही नाहीत.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. १९७५-७६ चा हिवाळा तिथे सौम्य गेला, वसंतात मावा अमाप झाला आणि त्यावर ढालकिडे पोसले. पुढे १९७६ चा उन्हाळा आला, तो दुष्काळ घेऊनच. २३ जूनपासून सलग १५ दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर होता. (अकोल्याच्या वाचकाला हसू येईल, पण तिथल्या झाडांना ते सोसणारे नव्हते.) झाडे सुकली, मावा संपला आणि ढालकिडे समुद्राच्या दिशेने लोटले. दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर त्यांची संख्या सुमारे २,३०० कोटी असावी, असा अंदाज तेव्हा केला गेला. तहानलेले किडे माणसांच्या घामावर बसत आणि चावतसुद्धा.

पण ढालकिडा असा नेहमी उशिराच येतो का? इथे आपल्याला संत्र्यांकडे वळावे लागेल. वरूड-मोर्शीचा संत्रा बागाईतदार 'कोळशी' हा शब्द चांगला ओळखतो. काळी माशी रस शोषते, तिचा चिकटा पानांवर पडतो, चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि बाग कोळसा फासल्यासारखी दिसू लागते. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या संत्राबागांवर याच जातकुळीचे, पण फार मोठे संकट आले होते. ऑस्ट्रेलियातून झाडांबरोबर १८६८ च्या सुमारास तिथे एक खवले कीड आली, पाठीवर कापसासारखी पांढरी पिशवी वागवणारी. १८८६-८७ पर्यंत लॉस एंजेलिस भागातले बागाईतदार झाडे उपटून जाळू लागले होते.

अमेरिकेच्या शेतीखात्याचे प्रमुख कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांचा तर्क असा होता, की हीच कीड ऑस्ट्रेलियात उपद्रवी नाही, त्या अर्थी तिथे तिला खाणारे कोणीतरी असले पाहिजे. अडचण पैशाची होती. शेतीखात्याच्या कीटकशास्त्रज्ञांना परदेशी पाठवायला अमेरिकन संसदेने मनाई केलेली होती. तेव्हा १८८८ मध्ये मेलबर्नला जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले त्याच्या खर्चात अल्बर्ट कोबेल या त्यांच्या सहकाऱ्याची वर्णी लावण्यात आली. कोबेलने तिथून व्हेडालिया नावाचे लहान लाल-काळे ढालकिडे बोटीने पाठवले. पहिल्या तीन खेपांत मिळून पोचले ते अवघे १२९. लॉस एंजेलिसच्या एका बागेत किडक्या संत्र्याच्या झाडाभोवती तंबू ठोकून त्यात ते सोडले. जून १८८९ पर्यंत त्यांच्या संततीतून १०,००० हून अधिक किडे बागाईतदारांना वाटले गेले. दीड वर्षाच्या आत कीड आटोक्यात आली, आणि सगळा खर्च दोन-पाच हजार डॉलरांच्या पुढे गेला नाही. बागाईतदारांनी कोबेलला सोन्याचे घड्याळ आणि त्याच्या पत्नीला हिऱ्याच्या कुड्या भेट दिल्या. ज्यांचा मूळ तर्क होता त्या रायलींना हे फारसे रुचले नाही म्हणतात!

यश इतके झगझगीत होते, की जगभर ढालकिडे पाठवण्याची लाटच आली. भारतात १८९८ मध्ये न्यूपोर्ट या कॉफीच्या मळेवाल्याने दक्षिणेत ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलिमस हा ढालकिडा आणला, कॉफीवरची हिरवी खवले कीड खाण्यासाठी. तिच्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. तो रुळला मात्र, आणि पिठ्या ढेकणांवर गुजराण करू लागला. आज प्रयोगशाळांत वाढवून द्राक्ष-संत्र्यांच्या बागांत सोडला जातो तो हाच. पुढे १९३० च्या आगेमागे कॅलिफोर्नियातली ती पांढरी खवले कीड निलगिरीत आली, तेव्हा तिच्यामागे व्हेडालियालाही आणले गेले आणि तिथेही त्याने काम केले.

व्हेडालिया जिंकला, पण माव्यावर सोडलेल्या ढालकिड्यांनी ठिकठिकाणी निराशा केली. असे का? ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिक्सन यांनी दिलेले कारण आम्हांला पटते. खवले किडीची पिढी सावकाश होते, तर व्हेडालियाची तिच्याहून लवकर. म्हणून तो तिला गाठतो. मावा ढालकिड्याच्या पुढे धावतो, म्हणून तिथे ढालकिडा उशिरा पोचतो. उशिरा पोचलेला निरुपयोगी असतो असे नाही. माव्याचा चढ तो बुटका करतो आणि उतार लवकर आणतो. फक्त त्या मधल्या आठ-दहा दिवसांत शेतकऱ्याला धीर धरावा लागतो, आणि तेच कठीण असते.

कारण तोवर फवारणीचा पंप आलेला असतो. पहिला धडा पुन्हा कॅलिफोर्नियानेच दिला. १९४६-४७ मध्ये तिथल्या संत्राबागांत डीडीटीची फवारणी सुरू झाली, आणि जी पांढरी खवले कीड पन्नासेक वर्षे कोणी विचारात घेतली नव्हती ती उसळून वर आली. डीडीटीने व्हेडालिया मेले होते. फवारणी आवरती घेऊन ते पुन्हा सोडावे लागले.

गंमत अशी, की याचे गणित त्याआधी वीस वर्षे मांडून तयार होते, आणि तेही किड्यांवरून नव्हे, माशांवरून. इटलीच्या प्राणिशास्त्रज्ञ दांकोना यांनी एड्रियाटिक समुद्राकाठच्या मासळी बाजारांच्या नोंदी तपासल्या. फ्यूमे बंदरात आलेल्या मासळीत शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण १९१४ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास होते. महायुद्धात मासेमारी थंडावली आणि १९१८ मध्ये ते ३६ टक्क्यांवर गेले. युद्धानंतर मासेमारी पूर्ववत झाली तेव्हा १९२३ मध्ये ते पुन्हा ११ टक्क्यांच्या खाली आले. मासेमारी थांबल्याचा फायदा भक्षकांनाच का व्हावा, हे कोडे त्यांनी गणिती व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले. पुढे ते त्यांचे जावईही झाले. व्होल्तेरांनी १९२६ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. अमेरिकेत लोटका यांनी तीच समीकरणे थोडी आधी, स्वतंत्रपणे मांडली होती.

समीकरणे बाजूला ठेवून त्यातला गाभा सांगता येतो. भक्षकाच्या मरणाचा वेग वाढला, की आपली संख्या टिकवायला त्याला पूर्वीपेक्षा जास्त भक्ष्य आजूबाजूला असावे लागते. म्हणून दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलो, तर सरासरीने भक्षक घटतो आणि भक्ष्य वाढते. आता जाळ्याच्या जागी फवारणीचा पंप ठेवा, माशांच्या जागी मावा आणि शार्कच्या जागी ढालकिडा.

वऱ्हाडात हे घडायला निमित्त झाले ते पऱ्हाटीचे. इथला जुना गावरानी कापूस रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देई. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात तयार झालेला एच-४ हा संकरित वाण आला, त्यामागून इतर संकर आले, उत्पन्न वाढले आणि फवारण्याही वाढल्या. देशातल्या लागवडीच्या सुमारे ५ टक्के जमिनीवर कापूस, आणि शेतीतल्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या कापसावर, असे १९९० च्या दशकातले प्रमाण सांगितले जाई. बोंडअळीसाठी फवारावे आणि मावा, पांढरी माशी वाढावी, हा अनुभव शेतकऱ्यांना येत होता. तो औषधाच्या भेसळीवर ढकलला जाई. भेसळ असेलही, पण व्होल्तेरांचा नियम शुद्ध औषधालाही लागू आहे.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीच्या फवारण्या काही वर्षे उतरल्या. मग २००६-०७ च्या सुमारास कापसावर एक नवाच पाहुणा दिसू लागला, पांढरा पिठ्या ढेकूण. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून नमुने गोळा केले. त्यांतले सुमारे ९५ टक्के एकाच, मूळच्या अमेरिकेतल्या जातीचे निघाले. गाजरगवत, जास्वंद, अंबाडी, भेंडी, सगळ्यांवर तो बसे. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारा त्याला नीट लागत नसे. ढालकिड्यांना मात्र लागे.

त्याचा बंदोबस्त शेवटी कोणी केला? ढालकिडे होतेच, पण मुख्य काम केले मुंगीहूनही लहान अशा एका गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या कीटकाने. एनासियस त्याचे नाव. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते, आतली अळी त्याला पोखरून खाते आणि ढेकणाचे तपकिरी, टणक कवच तेवढे उरते. २००८ पासून हा कीटक भारतात ठिकठिकाणी आढळू लागला. त्याला कोणी आणले नव्हते. आपल्या भक्ष्यामागून तो स्वतःच आला, आणि तोही उशिरा. भारतात त्याला नवी जात समजून नाव दिले गेले. नंतर कळले, की ती अमेरिकेतून पूर्वीच नोंदलेली जात आहे. जिथे फवारण्या कमी झाल्या तिथे त्याला जम बसवता आला.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसालाही दाद दिली नाही. वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यांतले कितीतरी दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते. ढालकिड्यांचा विषय काढला की तो मित्रकीटकांच्या रंगीत चित्रांपाशी थांबतो. आम्हांला तो या रोजाने फवारणाऱ्या माणसापर्यंत न्यावासा वाटतो. मित्रकीटक उरले तर कमी होतात त्या त्याच्या फेऱ्या.

मुलांनी बाहेर पडण्यापूर्वी दोन फसगती सांगून ठेवाव्यात. वांग्याच्या पानांची चाळण करणारा २८ ठिपक्यांचा, निस्तेज, बारीक लव असलेला भुंगा ढालकिड्याच्याच घराण्यातला, पण शाकाहारी आणि उपद्रवी आहे. उलट क्रिप्टोलिमसची अळी अंगावर पांढरे मेणाचे तंतू वागवते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. काडीने डिवचले, की ती चटचट चालू लागते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही.

मग हिवाळ्यात करडईची, ज्वारीची किंवा बरबटीची दहा झाडे निवडून त्यांना चिंध्या बांधाव्यात. दर चार दिवसांनी प्रत्येक झाडाच्या शेंड्यावरचा मावा मोजावा, आणि त्याच झाडावरचे ढालकिडे, त्यांच्या अळ्या व पिवळ्या अंड्यांचे पुंजके वेगळे मोजावेत. आलेखाच्या कागदावर दोन रंगांत दोन रेषा काढाव्यात. शेजारच्या शेतात फवारणी झाली तर ती तारीख खाली लिहावी. माव्याची रेषा वर गेल्यानंतर ढालकिड्यांची रेषा वर जायला किती दिवस लागले, आणि फवारणीनंतर दोहोंपैकी कोणती आधी सावरली, हे मुलांनी त्याच कागदावर नोंदवून ठेवावे.