सरंजामाचा अर्थ, हेगच्या न्यायासनापुढे

दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे त्या निमित्ताने आपण आदराने घेतो. त्या लढ्यानंतर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो खटला चालला, त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक त्या खटल्याच्या मुळाशी पेशवे दरबारचे कागद होते.

1954 मध्ये हे प्रदेश मुक्त झाले. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल न्यायालयात गेले. दमणहून तेथे जाण्याचा आपला हक्क भारताने अडवला, अशी त्यांची तक्रार होती. आधार होता 1779 चा पुणे तह आणि 1783 व 1785 च्या सनदा. इंग्रजांशी युद्ध चालू असताना सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत झालेल्या या तहात पोर्तुगीजांना सालिना 12,000 रुपयांचा महसूल नेमून देण्याचे ठरले होते. पोर्तुगालच्या मते हे सार्वभौमत्वाचे दान होते.

12 एप्रिल 1960 च्या निकालपत्रातील दोन निष्कर्ष मला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा, की अठराव्या शतकातील तहाची वैधता नंतरच्या काळात रुळलेल्या पद्धतींवरून ठरवता येणार नाही. मराठ्यांनी तह बंधनकारक मानला, हे पुरेसे आहे. दुसरा असा, की जहागीर किंवा सरंजाम म्हणजे महसुलाची नेमणूक. तिने भूमीचे स्वामित्व जात नाही. म्हणजे आपल्या दप्तरातील शब्दाचा अर्थ न्यायालयाने आपल्याच व्यवहारावरून लावला.

यावरून अभ्यासकांत मोठा वाद आहे. चार्ल्स अलेक्झांड्रोविच यांच्या मते एकोणिसाव्या शतकापूर्वी आशियाई सत्ता युरोपियनांशी बरोबरीच्या नात्याने तह करीत. अँटनी अँघी यांच्यासारखे अभ्यासक मात्र सार्वभौमत्वाची संकल्पनाच वसाहतवादातून घडली, असे मांडतात.

मला वाटते, हा निकाल दोघांनाही पुरावा देतो. सरंजामाने जे मिळाले नव्हते, ते पोर्तुगालला इंग्रजांच्या मौनाने मिळाले! मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी या गावांवर हक्क सांगितला नाही, म्हणून पोर्तुगालचे सार्वभौमत्व मान्य झाले असे न्यायालयाने धरले. मग खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट 11 विरुद्ध 4 मतांनी मिळाली. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रांना ती 8 विरुद्ध 7 मतांनी नाकारली गेली. भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले. भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश एम. सी. छागला त्या पीठावर होते.

पेशव्यांचा हेतू तपासला गेला, इंग्रजांचे मौनही तपासले गेले. त्या गावांतील वारली, कोकणा रयतेला काय हवे होते, हा प्रश्न मात्र निकालाचा आधार झाला नाही. सनदेत त्यांचा महसूल मोजला होता. हेगमध्ये त्यांच्या गावाची वाट मोजली गेली. आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास नव्याने लिहिताना दप्तरातील शब्दांना न्याय मिळाला, एवढ्यावर आपण थांबू नये.