पहाऱ्यावरची डुलकी

गोंदियाहून देवरीकडे जाताना पहाऱ्यावरचा जवान दिसला की मला माझी रात्रपाळी आठवते. माझा डोळा लागला, तर फार तर मॅनेजर ओरडेल. केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान अशांत भागात पहाऱ्यावर झोपला, तर १९४९ च्या कायद्याचं कलम ९ लागतं: कैद १४ वर्षांपर्यंत. रजा संपूनही घरी राहिला, तर कलम १०: एक वर्षापर्यंत.

हे दल १९३९ मध्ये नीमचला इंग्रजांनी उभारलं. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं, नवा कायदा आला. त्यातल्या कलम १६ नुसार सरकार कमांडंटलाच दंडाधिकाऱ्याचे अधिकार देऊ शकतं. म्हणजे साहेबही तोच, न्यायाधीशही तोच.

हातात बंदूक असेल तर शिस्त कडक हवीच. पण त्याआधी त्याला किती तास झोप मिळाली होती, हे कलम ९ विचारत नाही.