बघणारे आणि धाडणारे : हौशी दूरचित्रवाणीची कथा

रामटेकच्या व्यासपीठावर विषय कोणताही असो, आरंभी कालिदासाचे स्मरण करावे लागते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलीच टेकडी, असे साधार प्रतिपादन केले, तेव्हापासून आपण तो आपला हक्कच मानतो. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आम्हास त्या काव्यात प्रियकराच्या आधी चाकर दिसतो. यक्ष हा कुबेराचा सेवक. कामात कसूर झाली म्हणून धन्याने त्यास वर्षभर हद्दपार केले. घरी निरोप धाडावा तर साधन नाही, म्हणून त्या बिचाऱ्याने ढगाला गळ घातली. निरोप धाडण्याचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न इतका जुना आहे, आणि आजच्या विषयाचे मूळही त्यातच आहे.

विषय आहे हौशी दूरचित्रवाणी. परवाना काढून, घरच्या बिनतारी यंत्रावरून दूरदेशीच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलणारा जो गृहस्थ, त्यास जगभर 'हॅम' म्हणतात. तो आवाजाबरोबर चित्रही धाडू लागला की झाली हौशी दूरचित्रवाणी. तिच्यात जाहिरात नाही, वर्गणी नाही, कमाई तर मुळीच नाही. मग माणसे हा खटाटोप का करतात? इतिहास पाहिला म्हणजे उत्तर सापडते.

१८८४ साली बर्लिनमध्ये पॉल निपको या विद्यार्थ्याने एक युक्ती शोधली. एका फिरत्या तबकडीला शंखाच्या वेढ्यासारखी भोके पाडावयाची आणि त्यांतून चित्राकडे पाहावयाचे. एकेक भोक चित्राची एकेक ओळ वाचीत जाते. चित्राचे ओळींत तुकडे होतात आणि ते तुकडे विजेने धाडता येतात. त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली त्या कामगारांस रविवारची सुटी मिळाली. या दोन गोष्टींचा काय संबंध, असे कोणी विचारील. हौस करावयास आधी फुरसत लागते, हा संबंध! बारा-बारा तास राबणाऱ्याच्या घरी तबकडी कोण फिरवणार?

निपकोची कल्पना कागदावरच राहिली होती. तिला चालते रूप दिले स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्ड यांनी. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा, ना भांडवल. चहाचे खोके, टोपीचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याचे भिंग अशा सटरफटर सामानातून त्यांनी यंत्र जुळवले. २ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये एका बाहुल्याचा चेहरा पडद्यावर स्पष्ट दिसला. आता जिवंत माणूस हवा, म्हणून ते धावत खाली गेले आणि तिथल्या कचेरीतल्या विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्यास वर घेऊन आले. दिव्यांच्या धगीपुढे बसावयास पोरगा राजी होईना, तेव्हा त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवावा लागला. दूरचित्रवाणीवर दिसलेला हा पहिला मानवी चेहरा. तो राजाचा नव्हता, की प्रधानाचा नव्हता. कचेरीत हरकाम्या म्हणून राबणाऱ्या पोराचा होता, आणि त्याने आपली मजुरी घेऊनच ते काम केले, याचे आम्हास मोठे समाधान वाटते.

पुढे १९२९पासून बेअर्ड यांची अवघ्या तीस ओळींची चित्रे बीबीसीच्या प्रक्षेपकावरून जाऊ लागली. तेव्हा इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी घरोघरी तबकड्या फिरवून ती पाहिली. १९४९ साली तेथे ब्रिटिश अॅमॅच्युअर टेलिव्हिजन क्लबच स्थापन झाला. तरी एक अडचण होती. हलत्या चित्रास बिनतारी मार्गाची रुंदी फार लागते, आणि दूर पल्ल्याच्या लहरींवर तेवढी जागा हौशी माणसास मिळत नाही. १९५७-५८च्या सुमारास कॉप्थॉर्न मॅक्डोनल्ड या अमेरिकन विद्यार्थ्याने यावर तोड काढली : चित्र हलतेच कशाला हवे? एक स्थिर चित्र, १२० ओळींचे, सावकाश आठ सेकंदांत धाडावे. पडद्यासाठी त्याने रडारची नळी घेतली, कारण तिच्यावरची चमक काही सेकंद टिकून राहते. या मंदगती चित्राचे अक्षरशः सूर होतात. सेकंदास १५०० कंपनांचा सूर म्हणजे काळे, २३०० म्हणजे पांढरे, मधले सूर म्हणजे करड्या छटा, आणि ओळ संपली की १२००चा ठोका. ज्या यंत्रावरून शब्द जातो, त्याच यंत्रावरून मग चित्रही जाते.

आपल्या देशाकडे वळू. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी बिनतारीचे परवाने रद्द केले. राज्यकर्त्यांस बंदुकीइतकेच धाडणाऱ्या यंत्राचे भय वाटते. ते भय अगदीच अनाठायी नव्हते, हे १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवून दाखवून दिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला, आणि उषाताईंनी कारावास भोगला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पहिल्याने कोणी धाडले? १९५०च्या आरंभी मद्रासच्या एका प्रदर्शनात बी. शिवकुमारन या विद्यार्थ्याने एका पत्राचे चित्र विजेच्या पडद्यावर उमटवून दाखवले. आणि २४ ऑक्टोबर १९५१ रोजी जबलपूरच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरचित्रवाणीचा प्रक्षेपक बसला; देशातला पहिला असा त्याचा उल्लेख होतो. श्रोतेहो, ते जबलपूर परके नव्हे. १९५६पर्यंत ते आणि आपण एकाच मध्य प्रदेश राज्यात होतो, आणि राजधानी होती नागपूर! मनसरच्या फाट्यावरून जाणारा रस्ता सरळ तिकडेच पोहोचतो. दिल्लीचे सरकारी केंद्र सुरू झाले १५ सप्टेंबर १९५९ रोजी, म्हणजे त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी; मुंबईचे २ ऑक्टोबर १९७२ रोजी. विद्यार्थी आणि शिक्षक पुढे, सरकार मागून, असा हा क्रम आहे.

पण पुढे काय झाले? आमच्या वस्तीत पहिला संच आला तो १९८० नंतरच्या दशकात. खाणीतली पाळी संपवून आलेली माणसे परक्या अंगणात गोणपाटावर बसून पडद्याकडे टक लावीत. त्या पडद्यावर आमच्यासारखा माणूस आम्हास क्वचितच दिसला. आम्ही बघे झालो. आज खिशातल्या फोनवर चित्र धाडता येते हे खरे. पण मधली वाट कंपनीची, दरही तिचाच. मोठे वादळ झाले, मनोरे पडले की ती वाट बंद होते. हौशी माणूस मात्र आपल्या यंत्राची तार न् तार ओळखतो. मोडले तर स्वतः जोडतो. ही ओळख हाच या छंदाचा खरा लाभ होय.

आमचे शिक्षण म्हणावे तर सातवीपर्यंत. झाळकाम शिकलो ते एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, संध्याकाळच्या वेळी. १९९६ साली हौशी परवान्याच्या परीक्षेस नागपुरास गेलो. मोर्सची कडकट्ट मिनिटास पाच शब्दांच्या गतीने टिपावयाची होती. हात थरथरला, नापास झालो, दोन दिवसांची मजुरी बुडाली ती निराळीच. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो आणि उत्तीर्ण झालो. संपात आणि परीक्षेत पहिल्या फेरीस खचू नये, एवढे चळवळीने शिकवलेच होते.

नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्यांनी आधी ऐकावे, मग धाडावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्यावरून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते. अधूनमधून ठरल्या दिवशी तेथून १४५.८ मेगाहर्ट्झवर मंदगती चित्रे येतात. बहुधा एका चित्रास दोन मिनिटे लागतात, आणि स्थानक माथ्यावरून जाते ते जेमतेम दहा मिनिटे. एक लहान ग्राहक यंत्र, अॅल्युमिनियमच्या काड्यांची घरी केलेली एरियल आणि सुरांचे चित्र करणारा संगणक किंवा फोन, एवढे पुरते. आमचे पहिले चित्र तिरपे आले, निम्म्यावर नुसती खरखर. एरियल धरणाऱ्या पोराने ती स्थानकाच्या मागे फिरवलीच नव्हती. दुसऱ्या फेरीस पूर्ण चित्र आले, तेव्हा गच्चीवर टाळ्या पडल्या. त्यांतल्या एका खाणकामगाराच्या मुलीने विचारले, 'काका, आपण कधी धाडायचं?'

पुढची पायरी म्हणजे २०१८ साली सोडलेला कतारचा उपग्रह. त्यावर हौशी मंडळींच्या हलत्या चित्रांसाठी राखीव जागा आहे. तो एका जागी स्थिर असतो आणि रामटेकहून पश्चिम-नैर्ऋत्येस, क्षितिजावर सुमारे २६ अंशांवर पडतो. घरावर असते तसली तबकडी तिकडे वळवावी. ग्राहक यंत्र मात्र त्या कामाचे खास लागते. धाडण्यासाठी परवाना हवाच. परवान्याविना प्रक्षेपण हा गुन्हा आहे; आणि परवाना हाती आला तरी त्यात कोणत्या लहरींवर, किती शक्तीने आणि कोणत्या प्रकारे धाडण्याची मुभा आहे, ते आधी नीट वाचावे. कामगारास कायदा पाठ असावा, हे आम्ही सभांतून नेहमी सांगतो. येथेही तेच सांगतो.

त्या मुलीस आम्ही परीक्षेचे पुस्तक दिले आहे. रविवारी दुपारी ती आणि आणखी चौघे आमच्या खोलीवर झाळकाम शिकावयास येतात. ज्यांच्या घरी जुना रेडिओ माळ्यावर धूळ खात पडला असेल, त्यांनी तो भंगारात घालू नये, आमच्याकडे पाठवावा. यक्षास ढगाची मनधरणी करावी लागली. आपल्या मुलांवर ती वेळ न यावी, एवढीच इच्छा बोलून दाखवून आम्ही आपली रजा घेतो.